माळ की मोडलेले वन? : मराठी मौखिक परंपरा आणि सॅव्हानाचे परिस्थितिविज्ञान

१

सह्याद्रीचा माथा ओलांडून पूर्वेकडे वळले की पावसाचे मान झपाट्याने घटत जाते. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; तेथून शंभर किलोमीटरच्या आत, फलटण-माणच्या बाजूस, तो पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येऊन ठेपतो. या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या जिल्ह्यांचे मोठे भाग मोडतात. पातळ माती, मधूनमधून उघडा पडलेला काळा खडक, पावसाळ्यात वाढून दिवाळीनंतर पिवळे पडणारे गवत आणि त्यात एकमेकांपासून अंतर राखून उभी असलेली हिवर, बाभूळ, बोर यांसारखी काटेरी झाडे, असे या भूमीचे रूप आहे. मराठीत तिला माळ किंवा माळरान म्हणतात.

या माळासंबंधी एक समजूत दीर्घकाळ दृढ होऊन बसलेली आहे. पूर्वी येथे घनदाट अरण्य होते. माणसाने कुऱ्हाड चालविली, मेंढ्यांनी उरलेसुरले खुडले आणि वणव्यांनी शेवट केला. आज दिसतो तो माळ म्हणजे त्या अरण्याचा सांगाडा होय, अशी ही समजूत आहे. शालेय पुस्तकांत, वनखात्याच्या परिभाषेत आणि वृक्षारोपणाच्या भाषणांत ती इतक्या सहजपणे वावरते की तिला पुरावा मागावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. साहित्याच्या अभ्यासकांनीही ती निमूटपणे स्वीकारलेली दिसते.

२०२५ साली ब्रिटिश परिस्थितिविज्ञान संस्थेच्या ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाने या समजुतीची परीक्षा घेतली. आशिष नेर्लेकर हे वनस्पतींचे परिस्थितिवैज्ञानिक आणि दिग्विजय पाटील हे पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील संशोधक हे त्याचे कर्ते. निबंधाचे निष्कर्ष महत्त्वाचे आहेतच. परंतु भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांचे लक्ष त्याच्या साधनांकडे विशेष जावे. विज्ञानाच्या या चौकशीत साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या आहेत त्या ओव्या, दैवतकथा, आख्याने आणि लोकगीते. ज्या सामग्रीचा विचार आजवर वाङ्मयेतिहास, लोकसाहित्य आणि धर्मेतिहास यांच्या कक्षेत होत असे, तिच्याकडे येथे भूमीच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहिले गेले आहे. ही साक्ष कितपत ग्राह्य आहे, ती कशी तपासावी आणि तिच्यावर काय अवलंबून आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

२

‘माळ म्हणजे मोडलेले वन’ ही कल्पना कोठून आली हे प्रथम पाहिले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स याने अनुक्रमणाचा सिद्धान्त मांडला. उघड्या जमिनीवर आधी क्षुद्र वनस्पती, मग गवत, मग झुडपे आणि अखेरीस त्या हवामानास अनुरूप असा स्थिर वनस्पतिसमूह येतो, आणि या स्थिर अवस्थेस पोहोचणे ही जणू त्या जमिनीची नियती असते, असे त्याचे प्रतिपादन होते. वनविद्येने हा सिद्धान्त उचलला. एच. जी. चॅम्पियन याने १९३६ मध्ये भारतातील वनप्रकारांचे वर्गीकरण सिद्ध केले आणि १९६८ मध्ये एस. के. सेठ यांच्यासह त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. भारतीय वनविद्येचा तो आजही आधारग्रंथ आहे. त्यात विरळ झाडांच्या तृणभूमींना बहुतांशी स्वतंत्र स्थान मिळाले नाही. वनाच्या ऱ्हासाची एक पायरी म्हणूनच त्यांची गणना झाली.

वनखात्याच्या जोडीला महसूल खाते होतेच. जमिनीची किंमत तिच्यापासून मिळणाऱ्या साऱ्यावरून ठरू लागली, तेव्हा जिरायत आणि बागायत यांच्या बाहेर राहिलेले सारे ‘पडीक’ किंवा ‘पोटखराबा’ ठरले. गावच्या गुरांसाठी राखलेल्या गायरानाचाही पुष्कळदा याच दृष्टीने विचार झाला. १९८५ साली राष्ट्रीय पडजमीन विकास मंडळ स्थापन झाले आणि जमीन सुधारणे म्हणजे तीवर झाडे लावणे, हे समीकरण अधिकच पक्के झाले. अशा रीतीने एक वैज्ञानिक सिद्धान्त आणि एक महसुली कोष्टक यांच्या संयोगातून माळाची कुळकथा रचली गेली. त्या कथेत माळ हा पीडित होता आणि अपराधी होता धनगर.

३

परिस्थितिविज्ञानाने गेल्या काही दशकांत ही कथा बऱ्याच अंशी मागे घेतली आहे. गवताचा सलग थर आणि त्यात विखुरलेली झाडे अशा भूमीस ‘सॅव्हाना’ म्हणतात. आफ्रिकेतील विस्तीर्ण कुरणांमुळे हा शब्द परिचयाचा झाला. भारतातील अशा भूमींना मात्र तो क्वचितच लावला जाई. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील जयश्री रत्नम, महेश शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ व २०१६ मधील निबंधांतून असे दाखविले की, भारतात व आशियात ज्यांना शुष्क वने म्हटले जाते त्यांपैकी पुष्कळांची घडण वस्तुतः सॅव्हानाची आहे.

वन आणि सॅव्हाना यांतील भेद झाडांच्या संख्येपुरता नसतो. वनात झाडांच्या माथ्यांचे छत जुळते, खाली सावली पडते आणि त्या सावलीत वाढू शकणारी रोपेच टिकतात. सॅव्हानातील गवताला भरपूर ऊन लागते. तेथील झाडांनाही सावली मानवत नाही. ती जाड सालीची, काटेरी, खुडली वा जळली तरी मुळांतून पुन्हा फुटणारी असतात. त्यांचे भांडवल जमिनीखाली असते. शंकरन यांनी अनेक सहकाऱ्यांसह २००५ मध्ये आफ्रिकेतील शेकडो स्थळांची माहिती तपासली, तेव्हा असे आढळले की वार्षिक पर्जन्य सुमारे ६५० मिलिमीटरहून कमी असेल तर पाण्याची तूटच झाडांच्या विस्तारास मर्यादा घालते. त्याहून अधिक पावसाच्या प्रदेशात मात्र चरणारी जनावरे आणि आग यांच्यामुळे माळ उघडा राहतो. म्हणजे चराई आणि वणवा ही सर्वत्र विध्वंसाचीच साधने नव्हेत; काही भूमींच्या बाबतीत ती त्यांच्या घडणीचे घटक असतात.

या भूमीचे वय किती, हा पुढचा प्रश्न. उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते सूर्यप्रकाशाचा उपयोग करून अन्न तयार करण्याची जी रीत वापरतात, ती झाडांच्या रीतीहून वेगळी आहे. त्यामुळे त्यांच्या देहातील कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाणही वेगळे असते आणि ती खूण जुन्या मातीत व जनावरांच्या दातांत लाखो वर्षे टिकते. शिवालिक टेकड्यांतील जुन्या मातीच्या थरांवरून असे सिद्ध झाले आहे की, भारतीय उपखंडाच्या उत्तर भागात या गवतांचा मोठा प्रसार सुमारे ८० ते ७० लाख वर्षांपूर्वी झाला. तेव्हा कुऱ्हाड धरणारा मानव पृथ्वीवर नव्हता.

दख्खनपुरते पाहावयाचे तरी पुरावे दुर्मिळ नाहीत. गोदावरीच्या मुखाजवळ समुद्रतळाशी साचलेल्या गाळाचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. नदीने वाहून आणलेल्या पानांच्या मेणावरून खोऱ्यातील वनस्पतींचा इतिहास वाचता येतो. सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून १,७०० वर्षांपूर्वीपर्यंत कोरड्या हवामानास अनुरूप अशा वनस्पतींचे प्रमाण वाढत गेले आणि पुढे ते टिकून राहिले, असे त्यात दिसून आले. संशोधकांनी या बदलाचा संबंध मोसमी पाऊस मंदावण्याशी जोडला. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली असून त्यांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. शहामृग हा मोकळ्या भूमीवर धावणारा पक्षी. दाट अरण्यात त्याला स्थान नाही. भीमेच्या खोऱ्यात घोड नदीकाठच्या इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या अवशेषांत काळविटाची हाडे सापडली, आणि काळवीटही माळावरचाच प्राणी होय.

४

तथापि या साऱ्या पुराव्यांत एक पोकळी राहते. गाळ सहस्रकांची कथा सांगतो, महसुली दप्तरे गेल्या दोनएकशे वर्षांची. मधली सहा-सात शतके, ज्यांत दख्खनवर अनेक राज्ये आली-गेली आणि शेती विस्तारली, त्या काळात माळ कसा दिसत होता? जंगलतोड झालीच असेल तर ती याच काळात झाली असण्याचा संभव अधिक. नेर्लेकर आणि पाटील यांनी या ठिकाणी वाङ्मयाचा आधार घेतला.

तेराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंतच्या कथा, गीते आणि आख्याने यांतून त्यांनी दोन प्रकारची माहिती वेचली : वनस्पतींची नावे आणि भूप्रदेशाची वर्णने. एकूण ४४ रानटी वनस्पती ओळखता आल्या. त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश सॅव्हानाच्या निदर्शक ठरल्या. वनाच्या निदर्शक अशा अगदी थोड्या, बोटांवर मोजण्याइतक्या. उरलेल्या दोहोंकडे आढळणाऱ्या. ज्यांचे स्थळ निश्चित करता येते अशी २८ साधने वेगळी काढून पाहिली असता पश्चिम महाराष्ट्राच्या या पट्ट्याचे जे चित्र उभे राहिले ते विरळ झाडांच्या, मोकळ्या, गवताळ भूमीचे होते. सोळाव्या शतकातील ‘आदिपर्व’ या काव्यात नीरा नदीच्या खोऱ्याचे वर्णन येते. गुरांना गवत आणि पाणी मुबलक मिळते म्हणून लोक तिकडे ओढले जातात, आणि तो प्रदेश वस्ती नसलेला, काटेरी झाडांचा असा सांगितला आहे. ज्या काळी ‘मूळचे अरण्य’ उभे असावयास हवे, त्या काळीही कवीला तेथे काटेरी झाडे आणि गवतच दिसते. या आधारे माळाचे हे रूप निदान साडेसातशे वर्षांपासून चालत आलेले आहे असा निष्कर्ष निबंधकर्त्यांनी काढला. आणि परागकण, जीवाश्म व जुन्या नोंदी यांच्याशी तो ताडून पाहिला.

मराठीची मौखिक परंपरा या कामी विशेष उपयोगी पडावी याला कारण आहे. दख्खनच्या लोकदैवतांपैकी अनेक दैवते माळावरची आहेत. जेजुरीचा खंडोबा बाणाईच्या प्रेमापोटी तिच्या वाड्यावर चाकर होऊन मेंढ्या राखतो, ही कथा महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. बिरोबा आणि म्हसकोबा यांच्या कथा धनगरांच्या ओव्यांतून रात्ररात्र गायिल्या जातात. ही ओवी संतांच्या ग्रंथांतील ओवीहून निराळी. ती गेय आणि गद्य भागांच्या आवर्तनांतून पुढे सरकणारी दीर्घ कथनपद्धती आहे. गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडिताने या ओव्या वाड्यावस्त्यांवर जाऊन ध्वनिमुद्रित केल्या आणि १९७६ मधील आपल्या ग्रंथात पशुपालकांच्या दैवतांचा इतिहास त्यांच्या आधारे मांडला. ॲन फेल्डहाउस यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद १९८९ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे ओव्यांच्या संपादनाचे कामही चालू ठेवले. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ मधील ग्रंथात पंढरीच्या देवाची मुळे गवळी-धनगरांच्या दैवतपरंपरेत शोधली. महानुभावांनी तर स्थळांच्या नोंदी हा धर्मसाधनेचाच भाग मानला. श्रीचक्रधर कोठे थांबले, कोठे बसले, याची बारकाईने केलेली नोंद ‘लीळाचरित्र’ आणि ‘स्थानपोथी’ यांत आहे. या अभ्यासकांपुढचे प्रश्न धर्माचे, समाजाचे आणि भाषेचे होते. पण त्यांनी जपलेल्या संहितांत झाडे, गवत आणि पाणवठे आपापल्या जागी उभे राहिले, आणि त्यांचे मोल आता एका वेगळ्या शास्त्राला कळून आले.

५

कोणताही सावध वाचक येथे आक्षेप घेईल. काव्यातील झाड हे जमिनीवरचे झाड असतेच असे नाही. भारतीय काव्यपरंपरेत वनवर्णनाचे संकेत ठरलेले आहेत. कवी आख्यान रचावयास बसला की वृक्षांच्या नावांची माळ गुंफतो. त्यांतील निम्मे वृक्ष त्याने पाहिलेलेही नसतात. पूर्वसूरींच्या ग्रंथांतून ती नावे त्याच्याकडे आलेली असतात. अशा याद्यांवरून भूप्रदेशाचे चित्र रेखाटणे म्हणजे कविसमयाला भूगोल मानणे होय. दुसरे असे की, मौखिक रचनेचा काळ ठरविणे अवघड असते. विसाव्या शतकात ध्वनिमुद्रित झालेली ओवी तेराव्या शतकातील प्रसंग सांगत असली तरी तिच्यातील झाड गाणाऱ्याच्या भोवतालचे असू शकते. तिसरे, स्थानिक नावे बदलतात. एकाच नावाने दोन तालुक्यांत दोन वनस्पती ओळखल्या जातात.

हे आक्षेप निराधार नाहीत, आणि नेमके त्यांच्या निरसनासाठी वैज्ञानिकाला साहित्याच्या अभ्यासकाची गरज आहे. इतिहासमीमांसेत मार्क ब्लोक या फ्रेंच इतिहासकाराने हेतुपुरस्सर साक्ष आणि अनाहूत साक्ष असा भेद केला आहे. राजा आपल्या पराक्रमाचा लेख कोरवितो ती पहिली. त्याच्या मुदपाकखान्याचा हिशेब ही दुसरी, आणि इतिहासकाराला दुसरीच अधिक विश्वसनीय वाटते. वाङ्मयातील वनस्पतींनाही हा निकष लावता येतो. सुशोभनासाठी रचलेली वृक्षांची यादी हेतुपुरस्सर असते. परंतु देवाने ज्याच्या सावलीत विसावा घेतला ते एकटे हिवराचे झाड, मेंढ्यांनी शेंडे खाल्लेली बोर, पूजेला दुसरे काही मिळेना म्हणून खुडलेले तरवडाचे पिवळे फूल, अशा जातीचे उल्लेख कथेच्या ओघात येतात. कथनकाराला सांगावयाचा असतो चमत्कार. चमत्कार खरा वाटावा म्हणून त्याच्याभोवतीचे झाड श्रोत्यांच्या ओळखीचे असावे लागते. श्रोते धनगर असतील तर झाडाच्या बाबतीत त्यांची फसवणूक होणे कठीण.

दक्षिणेतील अनेक क्षेत्रांच्या उत्पत्तिकथांत एक कल्पनाबंध पुनःपुन्हा येतो : चरावयास गेलेली गाय वारुळावर पान्हा सोडते, गुराखी ते पाहतो आणि तेथे देव प्रकटतो. तिरुपतीपासून महाराष्ट्रातील लहानसहान देवस्थानांपर्यंत हा बंध आढळतो. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी त्याचे धार्मिक आशय तपासले. परिस्थितिविज्ञानाच्या दृष्टीने पाहता त्यातील गृहीत तितकेच बोलके आहे : देवाचे मूळ स्थान ही गुरे चरण्याची जागा होती. अर्थात एवढ्या व्यापक बंधावरून एखाद्या विशिष्ट गावाच्या भूमीविषयी अनुमान काढता येणार नाही. ज्या कथेत स्थळ, झाड आणि त्या झाडाचे कथेतील कार्य ही तिन्ही नेमकी असतात, तिची साक्ष बलवत्तर; जेथे केवळ संकेत आहे, तिची दुबळी. एकट्या उल्लेखावर विसंबू नये. अनेक उल्लेखांचा कल पाहावा, आणि तो कल गाळ, हाडे व दप्तरे यांच्या साक्षीशी जुळतो का हे तपासावे. कालाचा आक्षेपही या रीतीने सौम्य होतो. मूळचे अरण्य कथेच्या जन्मकाळी उभे असते, तर पुढच्या गाणाऱ्यांनी नवी झाडे घातली तरी जुन्या अरण्याच्या काही खुणा संहितांत मागे उरावयास हव्या होत्या. त्या जवळजवळ नाहीत.

या निष्कर्षाला मर्यादाही आहेत. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि उतारांवर दाट अरण्ये होती, आहेत, आणि तेथील तोड हा खराखुरा विध्वंस आहे. पर्जन्यछायेतही ओढ्यांच्या काठी आणि दरडींच्या आडोशाला झाडी असते. माळ जुना आहे याचा अर्थ प्रत्येक उघडी टेकडी निरोगी आहे असाही नव्हे. अतिचराईने, खाणकामाने वा नांगराने माळही मोडतो. प्रत्येक भूमीचा इतिहास स्वतंत्रपणे विचारला पाहिजे, एवढेच हे संशोधन सांगते.

६

या प्रश्नाला एक शब्दार्थशास्त्रीय बाजू आहे आणि ती सर्व भारतीय भाषांना स्पर्श करते. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच विद्वानाने १९८२ मधील आपल्या ग्रंथात आयुर्वेदातील ‘जांगल’ या संज्ञेचा विस्तृत परामर्श घेतला. चरकादी ग्रंथकारांनी देशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे प्रकार मानले आहेत. आनूप म्हणजे पाणथळ, दाट झाडीचा. जांगल म्हणजे मोकळा, कोरडा, वारा खेळता असणारा. खैर, बोर, शमी यांची नावे जांगल देशाच्या वर्णनात येतात आणि हरिणे हे त्याचे प्राणी. मनुस्मृतीत राजाने जांगल देशात वस्ती करावी असे सांगितले आहे, आणि कृष्णसार मृग जेथे स्वभावतः हिंडतो तो देश यज्ञास योग्य मानला आहे. ज्या शब्दाचा मूळ अर्थ मोकळी, काटेरी, हरिणांची भूमी असा होता, तो शब्द पुढे अर्वाचीन भाषांतून आणि इंग्रजीतून फिरत दाट, ओलसर, अभेद्य झाडीचा वाचक झाला. आज मराठीतही ‘जंगल’ म्हटले की डोळ्यांसमोर झाडांची दाटी येते. अर्थ नेमका उलटा झाला आहे.

मराठीतील ‘रान’ हा शब्द असाच फसवा आहे. रानात मेंढरे चरतात, रानात पेरणी होते, रानात वाट चुकते. शेत, माळ, कुरण, झाडी, गावाबाहेरची कोणतीही मोकळी जागा हे सारे संदर्भाप्रमाणे ‘रान’ असते. अनुवादक जेव्हा या प्रत्येक ठिकाणी ‘अरण्य’ अशा अर्थाचा परभाषीय शब्द घालतो, तेव्हा तो नकळत एक ऐतिहासिक विधान करीत असतो. सोन्थायमर यांनी वन आणि क्षेत्र, म्हणजे वस्तीबाहेरचा आणि वस्तीचा प्रदेश, या द्वंद्वाच्या आधारे दख्खनच्या दैवतांचा विचार केला. त्यांच्या विवेचनातील ‘वन’ हे मुख्यतः पशुपालकांचे, चरणाऱ्या कळपांचे वन आहे. तमिळ संघकाव्यातील तिणै-कल्पनेतही डोंगर, शेतजमीन आणि समुद्रकिनारा यांच्या बरोबरीने गुराख्यांचे ‘मुल्लै’ आणि कोरडे ‘पालै’ यांना स्वतःचे भावविश्व दिलेले आहे. प्राचीन काव्यशास्त्राने ज्या भूमीला स्वतंत्र स्थान दिले, तिला आधुनिक वनविद्येच्या वर्गीकरणात ते मिळाले नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

मराठीच्या संदर्भात जे झाले ते अन्यत्रही होऊ शकते. कर्नाटकातील ‘कावल’, कच्छमधील बन्नी, राजस्थानातील ‘ओरण’ या साऱ्या भूमींभोवती कथा-गीतांची संपदा आहे. ती संकलित आहे, काही अंशी संपादितही आहे. पण तिच्यातील वनस्पतिनामांची सूची क्वचितच कोणी केली असेल. लोकगीतांच्या आवृत्त्यांत तळटीपा दैवतांवर असतात, चालीरीतींवर असतात. झाडाच्या नावापुढे बहुधा ‘एक काटेरी झाड’ एवढेच लिहून संपादक पुढे जातो. ती तळटीप अपुरी होती, हे आता मान्य करावे लागेल.

७

यावर काय अवलंबून आहे? एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी उपग्रहांच्या साह्याने केलेल्या नकाशांवरून भारतातील अशा निमशुष्क मोकळ्या निसर्गभूमींचे क्षेत्र देशाच्या सुमारे दहा टक्के, म्हणजे तीन लाख चौरस किलोमीटरहून अधिक भरते. संरक्षित क्षेत्रांत तिचा पाच टक्क्यांहूनही कमी भाग येतो. माळढोक, तणमोर, काळवीट, चिंकारा आणि लांडगा यांचे हे घर. सोलापूरजवळील नान्नजच्या परिसरात माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. आज तेथे हा पक्षी दिसणे ही दुर्मिळ घटना झाली आहे आणि सबंध देशात त्याची संख्या दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी उरल्याचा अंदाज आहे. भारतीय द्वीपकल्पाच्या सॅव्हानातील दोनशेहून अधिक वनस्पती जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत, आणि त्यांतील बऱ्याच वनस्पतींची शास्त्राला ओळख गेल्या काही दशकांतच झाली. जी भूमी ओसाड म्हणून दुर्लक्षिली, तिची यादी अद्याप पुरी झालेली नाही.

महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात ५० कोटी वृक्षलागवडीची मोहीम जाहीर झाली होती. अशा मोहिमांमागील सदिच्छेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु रोपांसाठी जागा शोधताना दृष्टी प्रथम जाते ती ‘रिकाम्या’ माळाकडे. तेथे खड्डे खणले जातात, गिरिपुष्पासारखी परकी, झपाट्याने वाढणारी झाडे लावली जातात, कुंपण पडते आणि कळप बाहेर राहतो. सावली वाढते तसे गवत मरते. गवताबरोबर त्यातील कंद, कीटक आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी जातात. नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी २०२० मध्ये जगभरच्या तृणभूमींची माहिती एकत्र करून असे दाखविले की, एकदा मोडलेल्या पुरातन तृणभूमीला आपली मूळची वनस्पतिसंपदा परत मिळवावयास किमान एक शतक, आणि बहुधा सहस्रकांचा काळ लागतो. त्यांच्या गणिताप्रमाणे सरासरी १,४०० वर्षे. मराठी वाङ्मयाचे ज्ञात वय याहून कमी आहे.

या आकड्यापुढे माणसांचाही प्रश्न उभा राहतो. माळ जर मोडलेले वन असेल, तर पावसाळ्यात पठारावर आणि कोरड्या ऋतूत कोकणात असा फिरता संसार करणारा धनगर हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अपराधी ठरतो. त्याला माळाबाहेर ठेवणे हे सत्कृत्य होते. माळ जर पुरातन असेल, तर तो त्या भूमीचा वारसदार ठरतो आणि त्याच्या ओव्या हा त्या वारशाचा दस्तऐवज. आजवर ओवीला साहित्य म्हणून मान मिळाला, तिच्या गायकांना कलावंत म्हणून बोलावणे आले. पण तिच्यात सांगितलेल्या भूमीविषयी ती खरे बोलत असेल, हा विचार क्वचितच झाला.

पश्चिम महाराष्ट्रात अजूनही असे वृद्ध ओवीकार आहेत की ज्यांना झाडाचे नाव, त्याचे फळ कधी पिकते ते, आणि त्याच्याखाली कोणता देव बसला ते एका दमात सांगता येते. ते गातात तेव्हा ध्वनिमुद्रण होते; गाऊन झाल्यावर त्यांच्याबरोबर माळावर जाऊन ते झाड दाखवा असे म्हणणारा अभ्यासक आता हवा आहे. काही ठिकाणी झाड अद्याप उभे असेल. काही ठिकाणी त्या जागी गिरिपुष्पाच्या रांगा असतील, आणि ओवीतील ओळ हीच त्या झाडाची शेवटची नोंद ठरेल.